आजोबांच्या ट्रंकेत मिलिटरीची बॅटरी निघालीय. साफ करू का तशीच ठेवू?

बुट्टेनाथ
राम राम मंडळी. अंबाजोगाईच्या मंडीबाजारातलं आमचं जुनं घर पाडायला काढलंय. माळवदावरची ट्रंक उतरवली तर आजोबांच्या रेल्वेच्या बिल्ल्याखाली ही बॅटरी सापडली. (आमच्याकडं टॉर्चला बॅटरीच म्हणतात, पुण्यावाल्यांनी समजून घ्यावं.) आजोबा पूर्णा जंक्शनला होते. मिलिटरीशी संबंध शून्य. सिकंदराबादच्या भंगारातून त्यांनी ती आणली, एवढंच बाबांना आठवतंय.

आकार इंग्रजी एल अक्षरासारखा, मान काटकोनात वळलेली. रंग शेवाळी, एका बाजूनं उन्हानं चॉकलेटी पडलाय. मागं पट्ट्यात अडकवायची क्लिप, बाजूला सरकतं बटन. अंगावर उठावदार अक्षरं आहेत: यू.एस.ए. टीएल-१२२-बी. हलवली तर काही वाजत नाही, म्हणजे सेल आत चिकटलेत. बुडाचं झाकण फिरत नाही, त्याच्या कडेनं पांढरी-हिरवी खपली धरलीय.

एक, ही खरंच दुसऱ्या महायुद्धातली का? दोन, उघडायची कशी? तीन, बाबा म्हणतात थिनरनं पुसून काळा रंग मार, चकाचक होईल. मारू का?

डीपी_जळाला
पहिला प्रतिसाद! विकणार का?

हिमरू
थांबा! थिनरची बाटली बाबांच्या हातातून आधी काढून घ्या, मग पुढचं वाचा.

टीएल-१२२-बी म्हणजे प्लास्टिकची. जुन्या प्लास्टिकला थिनर, पेट्रोल, ॲसिटोन यातलं काहीही लागलं तर वरचा थर चिकट होतो आणि अक्षरं बसतात. त्या अक्षरांनाच किंमत आहे.

मी छत्रपती संभाजीनगरला असतो. दहाबारा वर्षांपासून छावणीचा आठवडी बाजार आणि जाफरगेटचा रविवार बाजार धुंडाळतोय. घरात सध्या १७ टॉर्च आहेत, बायकोच्या मते ७०. तर ओळख अशी. या घराण्यातली 'ए' पितळेची. युद्धात पितळ काडतुसांना लागायला लागलं तशी 'बी' प्लास्टिकची आली. 'सी'मध्ये पाणी आत जाऊ नये म्हणून रबराचा बंदोबस्त केला आणि 'डी'च्या बुडात जादा बल्बची सोय आली. पुढं व्हिएतनामच्या काळात एमएक्स-९९१/यू आली. दिसायला तशीच, पण बटनाला दोन्हीकडून संरक्षक कड असते आणि बुडाच्या झाकणात रंगीत काचा ठेवायला जागा असते. तुमच्या अंगावर 'बी' आहे, म्हणजे महायुद्धाच्याच काळातली धरायला हरकत नाही.

सिकंदराबादला कशी आली हेही अवघड नाही. अमेरिकन फौज तेव्हा कलकत्ता, आसाम, लेडो रस्ता या भागात होती. युद्ध संपल्यावर त्यांचं ढिगानं सामान इथंच राहिलं आणि लिलावातून देशभर फिरलं.

आता माझी फजिती. ऑनलाईन एकाकडून 'अस्सल महायुद्धातली' म्हणून १,८०० रुपयाला टॉर्च घेतली. डबा उघडला तर नव्या चपलेसारखा वास. बुडाचं झाकण काढलं तर आत लाल काच! म्हणजे ९९१ची नक्कल. विकणाऱ्याला कळवलं तर म्हणाला, "सर, लाल काच फ्री दिलीय."

परभणीचा_पाहुणा
अमेरिकेचं कौतुक पुरं झालं. जर्मनीचं बोला. जगात जर्मनी, भारतात परभणी!

हिमरू
@परभणीचा_पाहुणा, याची वाटच बघायलो होतो. जर्मन फौजेकडं दायमोन, पेर्ट्रिक्स अशा कंपन्यांच्या चपट्या पत्र्याच्या टॉर्च असत. आतल्या आत सरकणाऱ्या लाल-हिरव्या काचा, कोटाच्या गुंडीत अडकवायला चामड्याची पट्टी. साडेचार व्होल्टचा चपटा सेल लागतो त्याला. परभणीची टॉर्च मात्र अजून बघण्यात नाही.

परभणीचा_पाहुणा
आमच्याकडं लाईटच नसती, टॉर्च कशाला बनवावी. चंद्र हाय की.

मिटरबंद
लातूरला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, त्या अनुभवावरून उघडायचं सांगतो. बाकीच्यांनी हसणं थोडं थांबवावं.

कार्बन-झिंकच्या सेलमध्ये बाहेरचा जस्ताचा डबा हाच ऋण टोक असतो. वापरताना तो स्वतःच झिजत जातो. म्हणून सेल संपला की डब्याला भोकं पडतात आणि आतलं बाहेर येतं. सेल लीक होतो तो कंपनीच्या चुकीनंच असं नाही, तो संपूनच लीक होतो. अल्कलाईनचं वेगळं, तिथं पोटॅशियम हायड्रॉक्साईड बाहेर येतं. तुमच्याकडं जुने साधे सेल असणार, तर गळालेलं आंबट आहे असं धरा.

बॅटरी उलटी धरून झाकणाच्या फटीवर कोमट पाण्यात कालवलेला खायचा सोडा ड्रॉपरनं सोडा. उकळतं पाणी नको, प्लास्टिक वाकडं होईल. रात्रभर ठेवा. सकाळी जुन्या टूथब्रशनं खपली काढा. परत सोडा. तीनचार दिवस लागू द्या. झाकणावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून हातानं फिरवा. पान्हा लावायचा नाही. हातोडी बघायचीसुद्धा नाही.

झाकण निघाल्यावर खालच्या सेलचं बूड दिसेल. जोर लावून ओढू नका. फुगलेला सेल आणि प्लास्टिकची भिंत, चीर पडलीच म्हणून समजा. बुडाच्या मधोमध नाही तर जरा बाजूला एक लांब लाकडी स्क्रू हळू पिळत आत घाला. मध्ये कार्बनची कांडी असते, तिथं गेलात तर सगळं फुटून चुरा होतो. स्क्रू धरला की पक्कडीनं पिळत पिळत बाहेर. हातमोजे घाला, खाली पेपर अंथरा. तो काळा मसाला मँगनीज डायऑक्साईड आणि कार्बनचा असतो, फरशीवर सांडला तर घरच्यांचं बोलणं महिनाभर ऐकावं लागतं.

तांबट_आळी
एवढा खटाटोप कशाला? चिंच नाही तर लिंबू लावा, वरून रांगोळी घासा. आमच्या आजीनं पितळेच्या समया साठ वर्षं अशाच घासल्या. देवघर झळकायचं.

मिटरबंद
@तांबट_आळी, समईत सेल गळत नव्हता ना! आंबटावर आंबट टाकून काय होणार? लिंबू, व्हिनेगर हे अल्कलाईन सेल गळाला तर चालतं, कारण त्यातलं गळालेलं अल्कलीच्या बाजूचं असतं. साध्या सेलला सोडा. हे उलटं केलं तर उरलेला पत्राही खाऊन टाकतं.

तांबट_आळी
बरं बाबा. पण पितळेच्या 'ए'ला तरी चिंच चालेल का नाही?

हिमरू
अजिबात नाही!! 'ए'वर फौजेचा मूळ शेवाळी रंग असतो. तो घासून आतलं पितळ सोन्यासारखं केलेल्या दोन टॉर्च मी स्वतः पाहिल्यात. लग्नातल्या आहेरासारख्या दिसतात. जाणकार हातसुद्धा लावत नाही. रंग उडालेला असेल तिथं उडालेला राहू द्यावा, तो वापराचा पुरावा आहे. जे केलंय ते उद्या परत काढता आलं पाहिजे, एवढंच पथ्य मी पाळतो.

तांबट_आळी
म्हणजे मळ म्हणजे इतिहास! हे आमच्या घरी सांगून बघतो.

निवृत्त_सिग्नल
नमस्कार. फौजेच्या सिग्नल्समध्ये (संदेशवहनात) २१ वर्षं काढली, आता हिंगोलीत शेती. या टॉर्चची मान वाकडी का, ते कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

सरळ टॉर्चला एक हात कायम अडकतो. ही छातीच्या पट्ट्यात अडकवली की उजेड समोर आणि दोन्ही हात मोकळे. तार जोडा, नकाशा धरा, जखम बांधा. सरकत्या बटनाजवळ एक दाबायची कळ असते ती बघा. ती दाबली तेवढाच वेळ दिवा लागतो. तिच्यावर मोर्सचे ठिपके आणि रेघा पाठवता येतात. आम्हाला शिकताना बोटाला घट्टे पडले होते.

लाल काचेचंही कारण आहे. अंधाराला डोळे नीट सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. पांढरा उजेड एकदा डोळ्यावर पडला की सगळी कमाई गेली. डोळ्यातल्या ज्या पेशी अंधारात काम करतात त्यांना गडद लाल रंग जवळपास कळतच नाही, म्हणून लाल उजेडात नकाशा वाचला तरी अंधारातली नजर टिकते. गंमत अशी की नकाशावरच्या लाल रेघा लाल उजेडात गायब होतात. नवीन पोरगा हमखास फसायचा. "सर, रस्ताच नाहीये इथं!"

डीपी_जळाला
आमच्या गावाचा रस्ता पांढऱ्या उजेडातपण दिसत नाही सर.

गोदाकाठ
गंगाखेडजवळ आमची शेती आहे. मला या धाग्यातल्या संग्राहकांशी जरा भांडायचंय.

माझे वडील तीन सेलची पितळी बॅटरी वापरायचे, वर निकेलची कलई, पुढं फोकस फिरवायची मान. मिलिटरीची नव्हती, साधी बाजारातली. पण तिचं काम फौजेच्या टॉर्चपेक्षा हलकं नव्हतं. आठवडाभर दिवसा लाईट, आठवडाभर रात्री. रात्री दोनला मोटर चालू करायला जायचं म्हणजे धुऱ्यावरून पाच मिनिटं चालायचं. एकदा आखाड्याच्या दाराशी वडिलांनी बॅटरी मारली तर उंबऱ्यावर घोणस वेटोळं घालून फुसफुसत होती. पुढचं पाऊल तिच्यावरच पडणार होतं. त्यानंतर ती बॅटरी रोज वडिलांच्या उशाशी असायची. आई दसऱ्याला विळा-खुरप्याबरोबर तिलाही हळदकुंकू लावायची.

भाऊ शहरातून आला, म्हणाला ही अँटिक आहे, शोकेसमध्ये ठेवू. ठेवली. सेल आतच राहिले. चार वर्षांनी काढली तर स्प्रिंगचा गंजून भुगा आणि खालचं झाकण कायमचं बसलेलं. वापरात होती तोवर धड होती, जपायला घेतली आणि गेली. म्हणून म्हणते, @बुट्टेनाथ, दुरुस्त करा आणि वापरा.

हिमरू
@गोदाकाठ ताई, ती जपल्यामुळं नाही, आत सेल ठेवल्यामुळं गेली. तुमच्या बॅटरीचं वाईट वाटलं, खरंच. पण वापराच्या बाजूनं बोलायचं तर आज बाजारात दोनशे रुपयाला एलईडीची टॉर्च दसपट उजेड देते. ऐंशी वर्षांची वस्तू धुऱ्यावर न्यायची, चिखलात पाडायची, कशासाठी?

गोदाकाठ
दोनशेवाली सहा महिन्यांत मरते. उघडता येत नाही, दुरुस्त होत नाही. माझ्या घरात अशा पाच पडल्यात. तुमच्या १७मध्ये टाकू का?

हिमरू
पाठवू नका, घरचे मलाच बाहेर ठेवतील.

मिटरबंद
ताईंचं म्हणणं कारागीर म्हणून पटतं. या टीएलमध्ये आहे काय? दोन मोठे सेल, एक स्प्रिंग, एक पितळी पट्टी, बटन, बल्ब. बिघाड शोधायला दहा मिनिटं. मधला मार्ग सांगू का? जुन्या बल्बच्याच आकाराचे एलईडी मिळतात. मूळ बल्ब काढून डबीत ठेवायचा, एलईडी बसवायचा, हवा तेव्हा उलट. काही कापायचं नाही, काही चिकटवायचं नाही. फक्त सेलची दिशा बघा. साध्या बल्बला उलटसुलट चालतं, बहुतेक एलईडीला चालत नाही.

बल्ब काढल्यावर मागं बघा. आटे असतील तर ई-१०, गोल कॉलर असेल तर पी-१३.५-एस. दोन सेलला पीआर-२ चालतो, २.३८ व्होल्ट, अर्धा अँपिअर. दोन सेलचे मिळून तीन व्होल्ट, मग बल्ब २.३८चा कशाला असं विचारतील म्हणून आधीच सांगतो, भार पडला की सेलचा दाब खाली येतो.

निवृत्त_सिग्नल
एलईडीचा निळसर उजेड मला त्या काचेत बघवत नाही. पिवळाच पाहिजे. वय झालं म्हणा हवं तर.

उंबरगा_रोड
धागा वाचता वाचता भलतंच आठवलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. मी नऊ वर्षांचा होतो. आमचं गाव किल्लारीपासून लांब, तरी दगडमातीची भिंत आली खाली. लाईट नाही. धुळीत काहीच दिसेना. चुलत्यांनी बॅटरी लावली तर उजेड दोन हातावर थांबायचा, पुढं नुसती धूळ. त्यांनी बॅटरी विझवली आणि सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. मग आजीचा आवाज ऐकू आला. कानानं सापडली ती, उजेडानं नाही. दोन दिवसांनी फौजेचे जवान आले तेव्हा वाकड्या मानेची टॉर्च मी पहिल्यांदा पाहिली. एकाच्या छातीला अडकवलेली होती आणि तो दोन्ही हातांनी दगड काढायला लागला होता.

विषयांतर झालं. चालू द्या.

गोदाकाठ
नाही झालं विषयांतर.

निवृत्त_सिग्नल
_/\_

परभणीचा_पाहुणा
आजी वाचल्या का?

उंबरगा_रोड
हो. २००६ पर्यंत होत्या. शेवटपर्यंत माळवदाखाली झोपल्या नाहीत, अंगणातच.

तांबट_आळी
अवांतर: इंग्रजीत याला फ्लॅशलाईट का म्हणतात? फ्लॅश तर कॅमेऱ्याचा.

हिमरू
सुरुवातीचे सेल इतके कमजोर की दिवा सलग लागतच नसे. क्षणभर लावायचा, सोडायचा, सेलला दम खाऊ द्यायचा. म्हणून फ्लॅश. अशा नळकांडी टॉर्चचं अमेरिकन पेटंट १८९९चं, डेव्हिड मिझेलचं. म्हणजे तुमच्या आजीच्या समईएवढी काही ती जुनी नाही.

डीपी_जळाला
दम खाऊन चालणारी लाईट म्हणजे आमची महावि… जाऊ द्या. धागाकर्ते कुठं गेले? विकून मोकळे झाले वाटतं.

बुट्टेनाथ
आहे आहे. नऊ दिवस लागले. सविस्तर सांगतो.

सोड्याचं पाणी चार रात्री. पाचव्या सकाळी सायकलची ट्यूब गुंडाळून पिळलं तर 'कर्र' झालं. मला वाटलं फुटलंच! फुटलं नव्हतं, झाकण पाव आटा फिरलं होतं. खालच्या सेलला स्क्रू लावला, तो अख्खा आला. वरचा मात्र हट्टी. त्याचं बूड उपटून हातात आलं आणि काळा मसाला बाबांच्या धोतरावर. (@मिटरबंद, पेपर मी अंथरला होता. बाबा पेपरच्या बाहेर बसले होते.) कंपनी कोणती ते वाचता येईना, नुसता लाल रंग उरलाय.

खरी गंमत पुढंच आहे. सेलभोवती कागद गुंडाळलेला होता, सेल आत खडखडू नयेत म्हणून आजोबांनी घातलेला असणार. सुकवून उलगडला तर रेल्वेच्या वेळापत्रकाचं पान. पूर्णा, मिरखेल, पिंगळी, परभणी एवढी नावं लागतात, पुढं सगळं खाऊन गेलंय. बाबा ते पान हातात घेऊन बराच वेळ बसले. पिंगळीला गाडी किती वाजता यायची ते कागदावर नव्हतं, पण त्यांना पाठ होतं.

स्प्रिंग गंजली होती, बुडखा तेवढा शाबूत. पट्टी खोडरबरानं घासली. बटनात काळं धरलं होतं, ते काडीला कापूस लावून काढलं. आतला आरसा @हिमरूंच्या धाकानं नुसता फुंकरला. रबराचं वायसर दगड झालं होतं, बेअरिंगच्या दुकानात दहा रुपयाचं मिळालं. बाहेरून फक्त ओल्या कपड्यानं पुसली. रंग नाही, पॉलिश नाही. चॉकलेटी बाजू तशीच.

मिटरबंद
शाब्बास! त्या कागदानंच भिंत वाचवली बघा. गळालेलं सगळं त्यानं पिलं, म्हणून प्लास्टिक फुगलं नाही. अर्थात सेल फुगून अडकलेही त्याच्यामुळंच. मीटर लावला का?

बुट्टेनाथ
लावला. आधी दाखवेचना, बटन पंधरावीस वेळा पुढं-मागं केल्यावर दाखवायला लागला. मूळ बल्ब गेलेला. कॉलरचा निघाला. अंबाजोगाईत चार दुकानं पालथी घातली, सगळे म्हणाले एलईडी घ्या. शेवटी परळीला एका जुन्या सायकलवाल्याकडं खोक्याच्या तळाशी तीन मिळाले. पैसे घेईना, म्हणाला कुणी विचारायला आलं हेच लै झालं.

हिमरू
त्या कागदाचं काय केलंत? प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, दमट राहील. दोन कोऱ्या पांढऱ्या कागदांत ठेवा. टॉर्चइतकाच तो महत्त्वाचा आहे. माझ्या १७ मधल्या एकीलाही असं काही नाही.

तांबट_आळी
लागली का पण? मूळ प्रश्न राहिलाच.

बुट्टेनाथ
लागली. आधी मंद लाल, मग बटन जरा दाबलं तर पिवळी धम्मक. समोरच्या भिंतीवर मध्ये एक काळी रेघ असलेला गोल पडतो. आमच्या चिरंजीवांचं मत: "मोबाईलचा जास्त पडतो."

निवृत्त_सिग्नल
फोटो टाका. आणि ती दाबायची कळ चालते का बघा.

बुट्टेनाथ
कळ चालते. फोटो काल टाकणार होतो, पण बॅटरी घरात नाही. या आठवड्यात लाईट रात्रीची आहे. मी झोपलो होतो, बाबा सदऱ्याच्या खिशाला अडकवून मोटर चालू करायला घेऊन गेले. परवापासून तेच चाललंय.

गोदाकाठ
😄

हिमरू
…बरं. आल्यावर सेल काढून ठेवायला सांगा.

बुट्टेनाथ
ते काढूनच ठेवतात. सेल वेगळे, बॅटरी वेगळी, दोन्ही उशाशी.